जॅकी हीली-रे: तिकीट नाकारलं आणि घराणं उभं राहिलं

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, केरी परगण्यात किलगारवन नावाचं छोटंसं गाव आहे. जॅकी हीली-रे मूळचे तिथलेच, जन्म 1931 चा. त्या भागात हीली आडनावाची घरं इतकी, की ओळख पटावी म्हणून वाडीच्या नावातला ‘रे’ मागे जोडला गेला. डोक्यावर चौकड्यांची चपटी टोपी, गावात स्वतःचा पब आणि फियाना फॉल पक्षासाठी अनेक वर्षं घातलेल्या खस्ता. 1970च्या दशकापासून ते परगण्याच्या कौन्सिलवर होते.

1997 मध्ये मतदारसंघातले जुने खासदार निवृत्त झाले. जॅकींना वाटलं, आता आपली पाळी. पक्षाने मात्र तिकीट त्या खासदारांच्या मुलाला दिलं. वयाच्या 66 व्या वर्षी जॅकी अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले.

हे शक्य झालं त्यात तिथल्या मतदानपद्धतीचाही वाटा आहे. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार पसंतीक्रम देतात, तसा तिथला सामान्य मतदार देतो. जॅकींच्या केरी साउथ मतदारसंघातून तीन जण निवडून जायचे. पक्षाशी बांधलेला माणूसही जॅकींना दुसरी-तिसरी पसंती देऊ शकत होता. पहिली पसंती मिळालेला उमेदवार बाद झाला की ते मत पुढच्या पसंतीकडे सरकतं.

त्याच निवडणुकीत 166 जागांच्या डॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, फियाना फॉलचे नेते बर्टी अहर्न यांची आघाडी 81 वर अडकली. ज्या पक्षाने दार बंद केलं होतं, त्याच पक्षाला आता जॅकींची गरज पडली. त्यांनी पाठिंबा दिला आणि बदल्यात केरीसाठी रस्ते आणि इतर कामं पदरात पाडून घेतली. 1982 मध्ये राजधानी डब्लिनचे अपक्ष टोनी ग्रेगरी यांनी फियाना फॉलचे तेव्हाचे नेते चार्ल्स हॉही यांच्याशी असाच करार केला होता, पण तो शहरातल्या गरीब वस्त्यांसाठी.

डब्लिनमध्ये जॅकींची टिंगल झाली. ते म्हणत, भर दुपारी जेवणाऱ्या माणसांचा मी प्रतिनिधी. शेतावर राबणाऱ्याचं मुख्य जेवण दुपारचं, ऑफिसात बसणाऱ्याचं संध्याकाळचं. या एका वाक्यात सगळं आलं. ज्याच्या खासदाराच्या हाती निर्णायक मत नाही, त्याच्या रस्त्याचं काय, हा आक्षेप मला खरा वाटतो. पण दोष त्या मताची किंमत वसूल करणाऱ्या जॅकींचा नाही. एरवी त्या गावांकडे कुणी बघतच नव्हतं.

2002 मध्ये आणि 2007 मध्ये ते पुन्हा जिंकले. 2007 मध्येही सरकारला त्यांनी पाठिंबा दिला. 2011 मध्ये ते थांबले आणि मुलगा मायकल त्यांच्या जागी निवडून आला. डिसेंबर 2014 मध्ये जॅकी गेले. 2016 मध्ये सबंध केरीचा पाच जागांचा एकच मतदारसंघ झाला, तेव्हा मायकल आणि त्याचा भाऊ डॅनी असे दोघेही अपक्ष म्हणून डॉलमध्ये पोहोचले. 2025 च्या जानेवारीत मायकल कृषी खात्यात राज्यमंत्री झाला, तोही अपक्ष म्हणूनच.