वाड्याला सिमेंट सोसत नाही

जुन्या वाड्यात कलाकेंद्र करायचं ठरलं, की दारात आधी सिमेंटची पोती उतरतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मराठवाड्यातल्या वाड्यांच्या भिंती चांगल्या दोन-तीन हात जाड. दोन्ही अंगांना दगड, मध्ये माती आणि खडे. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, पण सांध्यांतली माती पिते आणि ओल वर चढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यानं ती बाहेर येऊन वाळते. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षारांचे स्फटिक गिलाव्यामागे फुगतात, पोपडे सुटतात. लोक म्हणतात, लोणा लागला, भिंतच जुनी! दोष भिंतीचा नसतो.

चुन्याची गंमत अशी. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे कळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, राहते. ती पाण्यात विरवून केलेला चुना भिंतीवर चढला, की हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. याला महिनोन्महिने लागतात. कंत्राटदाराला तेवढा धीर नसतो. पोर्टलंड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंटच मुळी 1824 चं. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीचा; त्याचा घुमट संगमरवरी, पण बाकीचं बरंचसं पांढरेपण चुन्याच्या गिलाव्याचं.

नवं दालन वाड्याला चिकटवून बांधू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन पाये दोन तऱ्हेनं हलतात. मधे फट ठेवावी, तीही भूकंपाचा विचार करून. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात जाड भिंतींचे दोन्ही पदर सुटे झाले आणि वरचं जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, माणसांवर आलं. म्हणून दुरुस्तीत आरपार जाणारे दगड घालून पदर एकमेकांना बांधावेत.

राहिला आवाज. उघड्या दगडी दालनात तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. 1895 च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहाच्या गाद्या आणून ठेवल्या आणि घुमणं किती कमी होतं ते मोजलं. आपल्याकडे चार घरच्या वाकळी मागून आणाव्यात, भिंतीपासून वीतभर पुढं टांगाव्यात आणि कुणाला तरी तीनताल वाजवायला बसवावं. बोल सुटे ऐकू आले, की मग कायमचे जाड पडदे शिवायला टाकावेत.