हस्तक्षेप नको, हमीभाव हवा

निपाणीत चहाच्या गाड्यावर आबा ठासून सांगत होते, "सरकारनं बाजारात हात घालू नये. रशियाचं काय झालं बघितलासा न्हवं?" मी विचारलं, मग उसाची एफआरपीही नको? "ती कशी नको! काट्यावर ऊस गेला की आमचं कोण ऐकतंय?"

एफआरपी म्हणजे केंद्र सरकारने बांधून दिलेला किमान दर, 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यावर (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर) क्विंटलला 355 रुपये. बाजारात घातलेला हा हातच की!

आबांना दुटप्पी म्हणू नका. मत कपाटात घडी घालून ठेवलेलं नसतं. प्रश्न आला की त्या क्षणी जे आठवतं, त्यातून ते जुळवलं जातं. याचा मला सर्वांत आवडता पुरावा 1948 चा, अमेरिकेतला. हायमन आणि शीट्सली या संशोधकांनी लोकांना दोन प्रश्न विचारले, क्रम उलटसुलट करून: कम्युनिस्ट देशांच्या वार्ताहरांना अमेरिकेत येऊन हवं ते लिहू द्यावं का? आणि अमेरिकी वार्ताहरांना रशियात तसं करू द्यावं का? कम्युनिस्टांचा प्रश्न आधी आला तेव्हा 36 टक्के लोक 'हो' म्हणाले. तोच प्रश्न दुसरा आला तेव्हा 73 टक्के! आपल्या माणसांसाठी हक्क मागून झाल्यावर समोरच्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. उलट बाजूही बघा: अमेरिकी वार्ताहरांना 'हो' म्हणणारे, आधी विचारलं तर 90 टक्के, नंतर विचारलं तर 66. आधी परक्याला नकार दिला, मग स्वतःसाठी मागताना काहींचा हात आखडला.

आता थोडं गणित. हजार जणांच्या पाहणीतली चूक साधारण 1 भागिले हजाराचं वर्गमूळ, म्हणजे 3 टक्क्यांच्या आसपास. ही फक्त माणसं निवडण्यातली चूक. प्रश्नांचा क्रम बदलून पडलेला 37 टक्क्यांचा फरक तिच्यात धरलेलाच नसतो, आणि आणखी दहा हजार माणसं विचारली तरी तो कमी होत नाही. टीव्हीवरचे 'जनतेचा कौल' वाले एवढं सांगत नाहीत. पोपटवाला ज्योतिषी निदान पिंजरा तरी समोर ठेवतो.

आपल्या मराठी-कन्नड सीमाभागात तर पाहणी दोन भाषांत करावी लागेल. 'हस्तक्षेप' मराठीतही तोच, कन्नडातही तोच, आणि दोन्हीकडे खुपणारा. पण मराठीत 'हमीभाव', कन्नडात 'बेंबल बेले'. एकात हमी आहे, दुसऱ्यात आधार. चिक्कोडीच्या शेतकऱ्याला दोन्ही शब्द येतात. त्याला कुठल्या शब्दात विचारायचं?