‘रेसिडेंट ईव्हिल ४’ व्हीआर : केवळ कॅमेऱ्याची जागा बदललेली नाही
२००५ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ या भयकथेच्या व्हिडिओ गेमचा कॅमेरा नायक लिऑनच्या खांद्यामागून काढून त्याच्या डोळ्यांच्या जागी ठेवला, की २०२१ची क्वेस्ट २ या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटवरील आवृत्ती तयार झाली, हा समज चुकीचा आहे. मूळ गेममध्ये नेम धरल्यावर लिऑनला पाऊलही उचलता येत नसे आणि भीतीचा मोठा भाग त्या जखडलेपणातच होता. ही व्हीआर आवृत्ती बनवणाऱ्या आर्मेचर स्टुडिओने मात्र खेळाडूला चालता चालता गोळी झाडू दिली, दोन्ही हातांत वेगवेगळी शस्त्रे घेऊ दिली आणि पिस्तूल स्वतःच्या हातांनी भरायला लावले. ४,५००हून अधिक टेक्स्चर (गेममधील वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) नव्याने रंगवली किंवा अधिक सुस्पष्ट केली गेली. कथादृश्ये तेवढी सपाट पडद्यावरच दिसतात, आणि ते योग्यच आहे, कारण दृश्य हलते आणि शरीर स्थिर राहते तेव्हा मळमळू लागते.