शेजाऱ्याशी दारू बदलायला शंभर वर्षं

२०२१ साली जपानमध्ये दोन व्हिस्क्या आल्या, ज्यांची चव राहू द्या, लेबल वाचूनच अप्रूप वाटावं. प्रत्येकीवर दोन डिस्टिलऱ्यांचा माल असल्याचं लिहिलं होतं: सैतामामधली चिचिबु आणि नागानोच्या डोंगरातली मार्स शिन्शू. २०१५ मध्ये दोघींनी नुकतीच उतरवलेली, पाण्यासारखी दिसणारी दारू एकमेकींना दिली. पाहुणी दारू आपल्या गोदामात पिंपात घालून मुरवली, घरच्या मालात मिसळली आणि बाटल्या भरल्या.

स्कॉटलंडमध्ये याची कोणी दखलही घेतली नसती. तिथला धंदाच देवाणघेवाणीवर उभा आहे. एकेका ब्लेंडमध्ये, म्हणजे मिश्र व्हिस्कीत, तीस-चाळीस ठिकाणच्या माल्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्क्या) असतात, आणि त्या सगळ्या स्वतः बनवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून स्पर्धक कंपन्या आपसात पिंपं फिरवतात. विश्वास ठेवतात, पण डोळे मिटून नाही. पिंप देताना कधीकधी त्यात दुसऱ्या डिस्टिलरीच्या माल्टचा चमचाभर थेंब टाकतात. तेवढ्यानं चव बदलत नाही, पण घेणाऱ्याला तो माल मूळ डिस्टिलरीच्या नावानं सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट, म्हणून विकता येत नाही. शेजाऱ्याला विरजण द्यावं, पण आपल्या घरच्या दह्याचं नाव लावू देऊ नये, तसा हा प्रकार.

जपाननं स्कॉटलंडकडून बाकी जवळपास सगळं उचललं. नेमकी हीच रीत मागे राहिली.

हिरोशिमाजवळच्या ताकेहारात साके बनवणाऱ्या घरात जन्मलेला मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेला. ओसाकाच्या सेत्सु शुझो कंपनीनं त्याला पाठवलं होतं. ग्लासगोत तो रसायनशास्त्र शिकला. १९१९ मध्ये लाँगमॉर्न डिस्टिलरीत त्यानं थोडेच दिवस काम केलं, पुढे बोनेस गावी धान्याची (माल्टहून वेगळी, ‘ग्रेन’) व्हिस्की पाहिली आणि १९२० मध्ये कॅम्पबेलटाउनच्या हेझलबर्न डिस्टिलरीत काही महिने काढले. जे दिसेल ते वहीत उतरवत गेला: भट्टीचे आकार, मापं, कामाच्या पाळ्या. भट्टी आतून घासण्याचं नकोसं काम त्यानं मागून घेतलं, असं सांगतात. भांड्याची आतली वळणं हातानं चाचपायची तर दुसरा मार्ग नव्हता.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे केवढं कौतुक! व्हिस्कीवाले पहिली धार बाजूला काढून पुन्हा उकळायला टाकतात, शेवटचीही तशीच, आणि ठेवतात फक्त मधली. ती नेमकी कुठे तोडायची, यावर व्हिस्कीचं अर्धं नशीब ठरतं. हे पुस्तकातून येत नाही, भट्टीपाशी उभं राहूनच येतं. आणि तिथल्या लोकांनी या परदेशी पोराला तिथे उभं राहू दिलं. पुढे १९६२ मध्ये जपानला आलेल्या रॅब बटलर या ब्रिटिश नेत्यानं, एका तरुणानं पेन आणि वही घेऊन आमच्या व्हिस्कीचं गुपित पळवलं, अशी थट्टा केल्याचं सांगतात. मला ही चोरी वाटत नाही. दार उघडंच होतं.

स्कॉटलंडही कुणाकडून तरी घेतच आलं होतं. बोनेसला ताकेत्सुरूनं पाहिलेली अखंड चालणारी उंच भट्टी ही एनियस कॉफी या आयरिश माणसाची, १८३० च्या पेटंटची. डब्लिनच्या बड्या डिस्टिलऱ्यांनी तिला नाकं मुरडली, स्कॉटिशांनी उचलली आणि तिच्याच जोरावर स्वस्त ब्लेंड जगभर विकले. (इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरून आयरिश आणि स्कॉच वेगळी ओळखतात, मराठीत ते भांडणच मिटलं.) १९६३ मध्ये ताकेत्सुरूनं तीच जातकुळी स्कॉटलंडहून जपानला नेली.

तो १९२० मध्ये परतला तेव्हा मंदी होती, सेत्सु शुझोला व्हिस्की झेपेना. १९२३ मध्ये शिंजिरो तोरी या वाइनच्या व्यापाऱ्यानं त्याला घेतलं आणि क्योटोजवळ यामाझाकी डिस्टिलरी उभी राहिली. १९२९ ची पहिली व्हिस्की, शिरोफुदा, जपानी जिभेला फार धुरकट लागली आणि पडली. तोरीला सौम्य हवी होती, ताकेत्सुरूला स्कॉटलंडसारखी. १९३४ मध्ये ताकेत्सुरूनं थंड होक्काइदोत योइचीला आपली चूल मांडली. तोरीच्या कंपनीची पुढे सनटोरी झाली, ताकेत्सुरूच्या कंपनीची निक्का. एका वहीची दोन घरं, पण पिंप एकमेकांना द्यायचं नाही.

या हट्टानं एक भलं केलं. बाहेरून काही मिळणार नाही म्हटल्यावर यामाझाकीत वेगवेगळ्या आकारांच्या भट्ट्या बसल्या, निरनिराळी यीस्ट आली, एकाच छताखाली अनेक तऱ्हेच्या माल्ट निघू लागल्या. युद्धात शेरीची पिंपं मिळेनात तेव्हा मिझुनारा हा तिथला गळका ओक वापरावा लागला. नाइलाजानं घेतलेल्या त्या लाकडाचा चंदनी वास आता स्कॉच कंपन्याच मागतात.

उलटा प्रवास आपल्या बाजूनंही झाला. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची माल्ट मुरते. तिथल्या उष्म्यात पिंपातून दर वर्षी उडून जाणारी दारू स्कॉटलंडच्या साधारण दोन टक्क्यांच्या कित्येक पट असते, आणि व्हिस्की लवकर तयार होते. बाटलीवरच्या बारा, अठरा वर्षांच्या आकड्यांचा मान इथे फारसा टिकत नाही. २०१२ मध्ये ती आधी ब्रिटनच्या बाजारात गेली, हे मला आवडतं.

आता पुन्हा मार्स शिन्शू. ताकेत्सुरूची वही सेत्सु शुझोत ज्याच्या हाती पडली होती, तो त्याचा वरिष्ठ किइचिरो इवाई. ताकेत्सुरू दूर निघून गेल्यावर कितीतरी वर्षांनी, १९६० मध्ये, इवाईनं मार्सच्या मालक होंबो शुझो कंपनीसाठी यामानाशीत त्या टिपणांवरून भट्ट्या आखल्या. १९८५ मध्ये त्या नागानोत आल्या, १९९२ मध्ये विझल्या, २०११ मध्ये पुन्हा पेटल्या. २०१४ मध्ये त्यांच्या जागी नव्या बसल्या, आकार तोच ठेवून. चिचिबुला गेलेली दारू या नव्या भट्ट्यांतली. जुन्या दोन बाहेर आवारात उभ्या आहेत.