कागदावरचा काळा किती काळा?

जहांगीर आर्ट गॅलरीत कृष्णधवल छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं की बरेच जण भिंतींवरून भराभर नजर फिरवून बाहेर पडतात. रंगच नाहीत, तर बघायचं काय! खरं तर अशा चित्रापुढे डोळ्याला काम जास्त असतं.

पावसाळ्यातल्या मरीन ड्राइव्हचा एखादा फोटो घ्या. ओला रस्ता, पांढुरकं आभाळ, कुळकुळीत काळ्या छत्र्या. चकचकीत फोटो कागदावरचा गडदातला गडद काळाही पडलेल्या प्रकाशापैकी साधारण एक टक्का परत पाठवतो. मॅट कागदावर हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर जातं. कागदाचा पांढरा नव्वदीच्या आसपास. म्हणजे छायाचित्रकाराच्या हाती जेमतेम शंभरपट फरक. कडक उन्हात बाहेर मात्र ऊन आणि गडद सावली यांतला फरक हजारपटही असतो.

तरीही फोटो खरा वाटतो, कारण डोळा प्रकाश मोजत बसत नाही, शेजाऱ्याशी ताडून पाहतो. दृष्टिपटलावरच्या पेशी एकमेकींचे संदेश दाबतात, त्यामुळे उजेड-अंधाराची कड आहे त्याहून ठसठशीत दिसते. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच हे मांडलं होतं. घरी करून पाहा: जाड करड्या कागदाला दोन बारीक भोकं पाडा आणि तो उन्हातल्या रस्त्याच्या फोटोवर ठेवा. सावलीतला 'पांढरा' सदरा कित्येकदा उन्हातल्या डांबराइतकाच करडा निघतो. कागद उचलला की सदरा पुन्हा पांढरा!

रंगांची गंमत वेगळीच. लाल साडी आणि हिरवा चुडा फिल्मवर एकाच करड्यात मिसळून जाऊ शकतात. लेन्सवर लाल फिल्टर चढवला की साडी उजळते, चुडा काळवंडतो. ऑक्टोबरातलं निळं आभाळही त्याच फिल्टरने गडद होतं. जुलैत तो बॅगेतच राहू द्यावा, कारण ढगांकडून सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच येतो.

प्रदर्शनात माझी खरी तक्रार आहे ती फ्रेमच्या काचेबद्दल. साध्या काचेचा नुसता पुढचा पृष्ठभाग चार टक्के प्रकाश परतवतो, म्हणजे चांगल्या प्रिंटमधल्या काळ्याच्या चौपट. समोरच्या दिव्याचं किंवा आपल्याच पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब त्यावर पडलं, की सावल्यांमधले सगळे बारकावे गेले. तेव्हा थोडं बाजूला सरकून पाहावं, आणि जमलं तर गडद कपडे घालून जावं.