साउथॉलच्या थांब्यावरून

1968 साली मी पाच वर्षांची झाले आणि लंडनच्या पश्चिमेला साउथॉलमध्ये राहून शाळेत जाऊ लागले. राहायचे साउथॉलला, शाळा मात्र बसने अर्ध्या तासावर. आमच्या रस्त्याच्या टोकालाच प्राथमिक शाळा होती, तिची घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची. तरी आई रोज मला थांब्यावर घेऊन जाई. साडीवर कोट, पायांत लोकरी मोजे आणि त्यावर चपला. थांब्यावरची बाकीची मुले बहुतेक पंजाबी. आम्ही मराठी, तरी मलाही सगळे पंजाबीच समजत. शेजारची गोरी मुलगी चालत त्या घंटेच्या शाळेत जाई.

यामागे एक परिपत्रक होते. 1963 मध्ये साउथॉलच्या एका शाळेत बाहेरून आलेल्यांची मुले फार झाली, अशी ओरड गोऱ्या पालकांनी केली. शिक्षणमंत्री एडवर्ड बॉइल स्वतः येऊन गेले. जून 1965 मध्ये 7/65 हे परिपत्रक निघाले. कोणत्याही शाळेत अशा मुलांचे प्रमाण साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त होऊ नये, जास्तीची मुले इतर शाळांत पांगवावीत, असा त्याचा आशय. हा सल्ला होता, सक्ती नव्हे. बर्मिंगहॅमने आणि लंडनच्या आतल्या भागातल्या शिक्षण प्राधिकरणाने तो मानला नाही. ब्रॅडफर्डने मानला आणि साउथॉल ज्या कौन्सिलखाली येते त्या आमच्या ईलिंगनेही. पांगायचे मात्र आम्हीच. गोऱ्या मुलांसाठी बस कधी आली नाही.

‘इमिग्रंट’ कोण, याचीही सरकारी व्याख्या होती. परदेशात जन्मलेली मुले तर त्यात होतीच, पण ज्यांच्या आईवडिलांना ब्रिटनमध्ये येऊन दहा वर्षे झाली नव्हती, ती इथे जन्मलेली मुलेही होती. माझा धाकटा भाऊ 1966 मध्ये इथेच जन्मला. शाळेत गेला तेव्हा कागदोपत्री तोही इमिग्रंट. भारत त्याने पाहिलाही नव्हता.

बाबा पुण्याचे. इंग्लंडमधल्या शाळेबद्दल त्यांच्या मनात भक्तीच होती आणि ती गोखल्यांमुळे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते इंग्लंडच्या 1870 आणि 1876 च्या आणि आयर्लंडच्या 1892 च्या कायद्यांवर बेतलेले. जे तुम्ही तुमच्या मुलांना दिलेत तेच आमच्या मुलांना द्या, एवढीच मागणी. 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी ते पडले. बाबा हे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे सांगत. ज्या कायद्यासाठी गोखले हरले, त्याच्या देशात माझी मुलगी शिकते, असा त्यांचा हिशेब.

तो 1870 चा कायदा पुढे मी नीट वाचला, तेव्हा गंमत वाटली. त्याआधी इंग्लंडात शाळा चालवायच्या त्या मुख्यतः चर्चच्या संस्थांनी. सरकारने 1833 मध्ये पहिल्यांदा वीस हजार पौंडांचे अनुदान दिले. विल्यम फॉर्स्टरच्या या 1870 च्या कायद्याने जिथे शाळा कमी तिथे निवडून आलेली स्कूल बोर्डे आणली. हजेरी सक्तीची करायची की नाही, हे मात्र बोर्डाच्या मर्जीवर. सगळीकडे सक्ती व्हायला 1880 उजाडले आणि बहुतेक मुलांची फी सुटायला 1891. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा, 1872 चा, ‘ब्रिटिश शिक्षण’ म्हणताना आपण बहुधा इंग्लंड आणि वेल्सबद्दलच बोलत असतो.) गोखल्यांच्या विधेयकातही सक्तीचा अधिकार नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या हाती होता, वर सरकारची परवानगी. म्हणजे वरच्याने ‘करता येईल’ म्हणायचे आणि ते करायचे की नाही, हे खालच्याने ठरवायचे. माझी बस याच परंपरेतली.

1944 च्या बटलर कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केले. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार ठरलेल्यांना ग्रामर स्कूल आणि उरलेल्यांना सेकंडरी मॉडर्न, ही वाटणी त्या कायद्यात लिहिलेली नव्हती. ती अंमलबजावणीत आली. जुलै 1965 मध्ये, म्हणजे आम्हाला पांगवणाऱ्या परिपत्रकानंतर महिन्याभरातच, शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांच्या 10/65 या परिपत्रकाने ही वाटणी मोडून सर्वांसाठी एकच कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा करण्याची ‘विनंती’ केली. ‘आदेश’ हा शब्द मुद्दाम टाळला होता. म्हणूनच काही भागांत ग्रामर स्कूल आजही आहेत.

दुधाचे तेवढे वेगळे झाले, तिथे विनंती नव्हती. 1946 पासून प्रत्येक मुलाला शाळेत रोज एक तृतीयांश पाइंट दूध मिळे. माध्यमिक शाळांतले 1968 मध्ये बंद झाले होते. सप्टेंबर 1971 पासून सात वर्षांवरच्यांचेही थांबले. शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. मी आठ वर्षांची, भाऊ पाचाचा. त्याला बाटली मिळे, मला नाही. ते दूध हिवाळ्यात हीटरजवळ ठेवून कोमट झालेले असे आणि मला मुळीच आवडत नसे. तरी महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही.

माझी माध्यमिक शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह होती, पण आत गेल्यावर वाटणी होतीच. सोळाव्या वर्षी द्यायच्या परीक्षा दोन, वरची ओ लेव्हल आणि खालची सीएसई. ओ लेव्हलचे वर्ग वेगळे, सीएसईचे वेगळे. इंग्रजीच्या बाईंनी मला सीएसईत घातले. घरी दुसरी भाषा बोलतात, तेव्हा हेच बरे, असे त्या हसत म्हणाल्या. सीएसईतली पहिली श्रेणी ओ लेव्हलच्या उत्तीर्णाइतकी धरत, ती मी मिळवली. 1979 मध्ये, थॅचरबाई पंतप्रधान होऊन महिना झाला होता तेव्हा. दोन्ही परीक्षा मिळून जीसीएसई ही एकच परीक्षा झाली ती 1988 मध्ये. ईलिंगच्या बसही तोवर बंद झाल्या होत्या.

1988 च्याच शिक्षण सुधारणा कायद्याने विनंत्यांचा काळ बराचसा संपवला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, ठरावीक वयाला चाचण्या आल्या, आणि कौन्सिलच्या हातून बरेच अधिकार वर लंडनला किंवा खाली शाळेकडे गेले. माझ्या मुलीची सातव्या वर्षाची चाचणी याच व्यवस्थेतली. तिचे प्रगतिपुस्तक बाबांनी चष्मा पुसून वाचले आणि विचारले, “यात मराठी कुठे आहे?”

त्याचे उत्तर अल्पसंख्याक समाजांतल्या मुलांच्या शिक्षणावरच्या 1985 च्या स्वॉन समितीच्या अहवालात होते. स्थलांतरितांच्या मातृभाषा जपणे हे त्या त्या समाजाचे काम, मुख्य शाळेचे नाही, असे समितीने म्हटले होते. त्यामुळे शनिवारी सकाळी आम्ही सात-आठ घरे मिळून चर्चचा हॉल भाड्याने घेऊ लागलो. खुर्च्या मांडायच्या, मुळाक्षरांचा तक्ता दाराला टांगायचा, आणि साडेबाराच्या आत सगळे होते तसे ठेवायचे, कारण एकला तिथे बॅडमिंटन असे.