गंजरोधक तेले, बंदुकांसाठी

बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांच्या पोलादी भागांना दमट हवेत गंज चढू नये म्हणून लावायची तेले व मेणयुक्त लेप. हलत्या भागांना वंगण देणे हे यांतील पुष्कळ तेलांचे दुसरे काम असते. चांगले वंगण म्हणजे चांगले गंजरोधक, असे मात्र नाही. पावसाळी हवेत तेलाची निवड फसते ती बहुधा याच समजुतीमुळे.

गंज चढायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, पण पाण्याचा थेंब डोळ्यांना दिसलाच पाहिजे असे नाही. हवेतल्या ओलाव्याचा अदृश्य थर धातूवर बसला तरी काम भागते. हा थर केव्हा घातक होतो याचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० व १९३० च्या दशकांत केला. हवेत अत्यल्प (सु. ०.०१%) सल्फर डायऑक्साइड असताना सापेक्ष आर्द्रता ६०% च्या आसपास येईपर्यंत लोखंड जवळजवळ गंजत नाही, तेथून पुढे मात्र गंजाचा वेग एकदम वाढतो, असे त्यांना आढळले. या मर्यादेला क्रांतिक आर्द्रता म्हणतात. व्हर्नन यांचा आणखी एक प्रयोग साधा आणि बोलका आहे. लोखंडाचा एक नमुना त्यांनी उघडा टांगला व दुसरा मलमलीच्या पिंजऱ्यात. हवा दोघांना तीच, ओलावाही तोच. पण मलमलीतला नमुना बराच काळ चकचकीत राहिला, कारण धूळ कापडावरच अडली. बंदुकीच्या जतनाबाबत या प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे. धुळीवरच तेल चोपडण्यापेक्षा नळी आधी झटकून कोरडी पुसणे ही पहिली पायरी, हे तो दाखवतो.

६०% हा आकडा सर्वत्र लागू पडतो असे नव्हे. पृष्ठभागावर कोणते क्षार आहेत त्यावर तो खालीवर होतो. मीठ (सोडियम क्लोराइड) सु. ७५% आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते, तर समुद्रमिठातच आढळणारे मॅग्नेशियम क्लोराइड सु. ३३% लाच ओले होते. त्यामुळे खाऱ्या वाऱ्याच्या जागी ‘आज हवा कोरडी आहे’ या भरवशाला फारसा अर्थ उरत नाही. घामातही क्षार व लॅक्टिक आम्ल असते. निळ्या झिलईच्या नळीवर अंगठा टेकवून ती तशीच ठेवली, तर काही दिवसांनी अंगठ्याच्या रेषान्‌रेषा तांबूस उमटलेल्या दिसतात. काही माणसांच्या हातांनी हे इतरांपेक्षा लवकर घडते.

तेल क्षार विरघळवत नाही, ही या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. जुन्या प्रकारच्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातील, आघाताने पेट घेणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत चिकटून राही. काळ्या दारूच्या राखेतही ओलावा शोषणारे पोटॅशियमचे क्षार असतात. अशा नळीत कितीही भारी तेल फिरवले तरी क्षार त्याखाली जसाच्या तसा राहतो आणि खड्डे पडतात. तेथे आधी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल, हाच क्रम योग्य. क्लोरेटविरहित प्रायमर जर्मनीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले. लष्करी काडतुसांत बदल व्हायला अनेक ठिकाणी १९५० चे दशक उजाडले. जुन्या लष्करी साठ्यातील काडतुसे वापरणाऱ्याने ती क्लोरेटची आहेत असेच गृहीत धरावे.

शुद्ध खनिज तेलाचा थर हा पूर्ण अडसर नसतो. त्यातून ऑक्सिजन व थोडे पाणी झिरपतेच, शिवाय उभ्या पृष्ठभागावरून ते ओघळून खाली जमते. खरे संरक्षण मिळते ते त्यात मिसळलेल्या ध्रुवीय पदार्थांमुळे. कॅल्शियम, बेरियम किंवा सोडियम यांची पेट्रोलियम सल्फोनेटे, लॅनोलिनातील (लोकरीच्या मेणातील) एस्टरे यांच्या रेणूंचे एक टोक धातूला घट्ट बिलगते व लांब हायड्रोकार्बन शेपटे बाहेर राहून पाणी दूर ठेवते. यांतील काही पदार्थ धातूवरच्या पाण्याखाली शिरून ते उचलतात. यालाच जलविस्थापन म्हणतात.

जुन्या काळी प्राणिज चरबी व वनस्पतिज तेले वापरली जात. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेले हवेत राळेप्रमाणे घट्ट होतात, म्हणून ती लाकडी दस्त्याला चांगली, यंत्रणेला वाईट. जपानी तलवारींसाठी कॅमेलियाचे न सुकणारे तेल लवंगतेलाच्या अंशासह वापरत; ‘चोजी’ नावाने आज मिळणाऱ्या या तेलात बहुधा खनिज तेलच मुख्य घटक असते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्यात ‘रंगून तेल’ रूढ होते. ब्रह्मदेशातील येनांजाउंगच्या हाताने खणलेल्या विहिरींतील हे खनिज तेल रंगून बंदरातून जाई, म्हणून हे नाव. आरंभी ते कच्च्या तेलाला होते, पुढे त्याच्या जड ऊर्ध्वपातित भागाला, आणि अखेर बंदुकीच्या तेलाचे सामान्य नाव म्हणून ते टिकले. म्हणून जुन्या लष्करी सूचनांत हा शब्द आला की एकाच ठरावीक द्रव्याचा बोध होतो असे मानू नये. जर्मनीतील ‘बॅलिस्टॉल’ १९०४ च्या सुमारास लष्करासाठी तयार झाले. पांढऱ्या खनिज तेलावर आधारित हे किंचित अल्कधर्मी मिश्रण पाण्यात दुधाळ होते.

‘डब्ल्यूडी-४०’ या बाजारात मिळणाऱ्या तेलमिश्रणाच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. सॅन डिएगो येथील रॉकेट केमिकल कंपनीत १९५३ मध्ये ते तयार झाले आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणाला गंजू न देण्यासाठी वापरले गेले, एवढे निश्चित. शोधाचे श्रेय दीर्घकाळ नॉर्म लार्सन यांना दिले जाई. नंतर आयव्हर नॉर्मन लॉसन यांचे नाव पुढे आले. कंपनीच्या इतिवृत्तात तिघांच्या चमूचा उल्लेख आहे. दोन्ही नावांतील साम्य पाहता घोटाळा तेथूनच सुरू झाला असणे शक्य आहे. नावातील दोन इंग्रजी आद्याक्षरे मात्र जलविस्थापनाची आहेत, आणि त्याचा खरा उपयोगही तोच. त्यातील बराचसा भाग उडून जाणारा द्रावक असतो. मागे उरणारा थर इतका पातळ, की पावसात भिजलेली बंदूक कोरडी करायला ते उत्तम, पण महिनोन्‌महिने ठेवायला एकटे पुरेसे नाही.

निवड करताना पहिला प्रश्न मुदतीचा. रोज हाताळल्या जाणाऱ्या शस्त्राला सल्फोनेटयुक्त पातळ तेल, किंवा साफसफाई, वंगण व जतन ही तिन्ही कामे साधणारी लष्करी प्रतीची मिश्रणे पुरतात. पुसणे आणि पुन्हा लावणे नियमित हवे. काही महिने कपाटात राहणाऱ्या शस्त्राला लॅनोलिनयुक्त किंवा मेणयुक्त लेप बरा. वर्षानुवर्षांच्या साठ्यासाठी दुसऱ्या महायुद्धात ‘कॉस्मोलिन’ हे पेट्रोलियमचे घट्ट लेपद्रव्य वापरले गेले. ते जुने झाले की कडक होते आणि कानाकोपऱ्यांतून काढताना दिवस जातो, पण खालचे पोलाद कोरे निघते. दुसरा प्रश्न पृष्ठभागाचा. फॉस्फेटचा खरखरीत थर तेल धरून ठेवतो. ब्लूइंगचा (निळ्या झिलईचा) थर स्वतः फारसे रक्षण करत नाही. तेलाविना तो केवळ रंग आहे. स्टेनलेस पोलादही खाऱ्या हवेत ठिपक्यांनी गंजते.

तेलांची तुलना दोन प्रकारच्या चाचण्यांनी केली जाते. आर्द्रता-कपाटात तेल लावलेल्या घासलेल्या पट्ट्या सु. ४९° से. ला जवळजवळ संपृक्त हवेत टांगतात. क्षारतुषार चाचणीत ३५° से. ला ५% मिठाच्या द्रावणाचा फवारा चालू ठेवतात. जाहिरातींत दुसरीचे तास ठळक छापले जातात. पण बंद जागेत ठेवलेल्या बंदुकीवर मिठाचा पाऊस पडत नसतो, म्हणून तिच्यासाठी पहिली चाचणी अधिक सयुक्तिक मानावी. याहूनही विश्वसनीय उपाय म्हणजे घासलेल्या पोलादाच्या पट्ट्यांना वेगवेगळी तेले लावून त्या बंदूक जेथे राहते त्याच कपाटात एक ओला हंगामभर टांगणे.

३०° से. तापमान व ८०% आर्द्रतेला दवबिंदू सु. २६° से. असतो. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेली नळी त्याहून थंड असली तर क्षणात धुरकट होते, आणि ते दव यंत्रणेच्या आतही धरते. अशा वेळी शस्त्र बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे, मगच पुसून तेल लावावे. कातडी म्यानात वा फोमच्या पेटीत ते ठेवू नये. दोन्ही ओल धरतात.

जास्त तेलानेही नुकसान होते. ते ओघळून दस्त्याचे लाकूड मऊ करते, म्हणून ठेवताना नळीचे तोंड खाली ठेवण्याची पद्धत आहे. भेदक तेल काडतुसाच्या प्रायमरमध्ये शिरले तर बार फुसका जातो. बार काढण्यापूर्वी नळी व काडतुसाचे घर कोरड्या चिंधीने पुसून घेणे आवश्यक असते.